दोन रविवारची दगड-सहल, पातालपानी ते कावडिया : पैसे वसूल, पण पुस्तिका बदला

दिवाळीनंतर आम्ही ही ट्रिप केली आणि तेव्हापासून कॉलनीत इतक्या जणींनी विचारलंय की कशी होती, महाग आहे का, म्हाताऱ्या माणसांना झेपेल का, की शेवटी एकदाच सगळं नीट लिहून टाकतेय. दोन रविवारचं पॅकेज आहे, माणशी १,९०० रुपये, शाळेतल्या मुलांना १,२००. त्यात बस, सकाळचा नाश्ता, जेवण आणि एक छोटी पुस्तिका. मी, माझी आई (वय ७१) आणि मुलगा (आठवीत) असे तिघं गेलो. मोठी कंपनी वगैरे नाही, चार-पाच जणांनी मिळून चालू केलेलं काम आहे, त्यातले एक कॉलेजातून रिटायर झालेले भूगर्भशास्त्राचे सर आणि बाकी बस-जेवण बघणारी तरुण मुलं. पहिल्या रविवारी इंदूरजवळचा पातालपानी धबधबा आणि जानापावचा डोंगर, दुसऱ्या रविवारी कावडिया पहाड.

आधीच सांगते, पिकनिक म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. दगड बघायला जायचं आहे आणि दगडच बघायचे आहेत. पण इंदूरमधे तीन पिढ्या राहून आपण कशावर उभे आहोत हे मला वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी कळलं, आणि ते ह्या लोकांमुळे कळलं, म्हणून मी मनापासून लिहितेय.

पहिल्या रविवारी बस साडेसहाला निघणार होती, निघाली सव्वासातला. कोणीतरी उशिरा आलं म्हणून बाकी सगळे थांबले, हे मला आवडलं नाही आणि मी तिथेच सांगितलं. नाश्ता मात्र छान, महूच्या अलीकडे गाडी थांबवून गरम पोहे, वर जीरावन आणि शेव, जलेबी. आईने जलेबी दोनदा घेतली.

बसमधे पुस्तिका वाटली आणि तिथेच पहिली अडचण. मुखपृष्ठावर लिहिलंय, ज्वालामुखीच्या तोंडात उभे रहा. आत एक चित्र आहे त्यात पृथ्वीच्या पोटातून लाल लाव्हाचा पाइप सरळ वर येतो आणि डोंगरातून बाहेर उडतो. सरांनी माइक घेतला आणि पहिलंच वाक्य म्हणाले, हे चित्र विसरा, ही पुस्तिका माझ्या हातात छापून झाल्यावर आली. मला त्यांचं हे फार पटलं. पण मग प्रश्न उरतोच की सर स्वतः टीममधे असताना छापण्याआधी त्यांना दाखवायला काय झालं होतं. पैसे घेताना लोकांना चुकीचं चित्र द्यायचं आणि मग बसमधे दुरुस्त करायचं हे बरोबर नाही, पुढच्या बॅचच्या आधी हे बदलाच.

चुकीचं काय आहे ते आता मला सांगता येतं. आपल्या माळव्यात लाव्हा एखाद्या टोकदार डोंगरातून उडालेला नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तो पसरला, एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. म्हणून इथे वर सपाट पठार आहे आणि कडेला पायऱ्या. ह्या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटर जमीन ह्या काळ्या दगडाखाली आहे, झिजण्याआधी याहून खूप जास्त होती. आपल्याकडे माळव्यात जाडी काही शे मीटर, पण महाबळेश्वरकडे सह्याद्रीत दोन किलोमीटरच्या वर. आणि दुसरी चूक जास्त मोठी आहे, ती म्हणजे खालून लाव्हा येत नाही. खालून येतो तो घट्ट खडक.

हे मला आधी अजिबात पचलं नाही. घट्ट खडक वर कसा येईल. सरांनी पातालपानीला धबधब्यापासून बऱ्याच मागे, झाडाखाली बसची पायरी टेबलासारखी वापरून जे दाखवलं त्यासाठी मी १,९०० रुपये परत एकदा द्यायला तयार आहे.

एक उंच काचेची बरणी, त्यात मिठाईवाले वापरतात तो लिक्विड ग्लुकोज, अगदी घट्ट, चमचा उभा राहील असा. बरणीच्या तळाशी एक बारीक नळी आणि तिला मोठी सिरिंज. सिरिंजमधे तोच ग्लुकोज पण थोडं पाणी घालून पातळ केलेला आणि लाल रंग टाकलेला. पाण्यामुळे तो हलका झाला, खऱ्या पृथ्वीत हेच काम उष्णता करते. सरांनी हळूच दट्ट्या दाबला. तळाशी एक लाल थेंब आला आणि तिथेच बसून राहिला. काहीच होईना. मुलं कंटाळायला लागली. मग तो थेंब फुगत फुगत लिंबाएवढा झाला आणि सुटला, वर निघाला, इतक्या सावकाश की आम्ही वीस-पंचवीस माणसं श्वास धरून बघत होतो. वर मोठं गोल डोकं आणि मागे दोऱ्यासारखी बारीक शेपूट. डोकं वर झाकणाला टेकलं आणि तव्यावर धिरडं पसरावं तसं चहूकडे पसरलं. आणि शेपूट मागून येतच राहिली, येतच राहिली.

सर म्हणाले, धिरडं म्हणजे आपण. शेपूट अजून चालू आहे, तिकडे हिंदी महासागरात रियुनियन बेटावर.

माझ्या अंगावर काटा आला होता, खरंच.

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. पृथ्वीच्या आत सुमारे २,९०० किलोमीटरवर जिथे खडकाचं आवरण संपतं आणि लोखंडाचा गाभा सुरू होतो तिथे खालचा खडक तापतो, आजूबाजूच्यापेक्षा दोनशे-तीनशे अंशांनी जास्त गरम होतो, फुगतो, हलका होतो आणि वर निघतो. वितळलेला नसतो. वर्षाला काही सेंटीमीटर अशा चालीने सरकतो, कोट्यवधी वर्षं. घट्ट असून वाहतो कसा, तर आईनेच उत्तर दिलं, उन्हाळ्यात डब्यात गुळाची ढेप कशी आपोआप बसते. सर म्हणाले अगदी हेच.

मग वितळतो कुठे? कुकर आठवा. शिट्टी असेपर्यंत आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी दाबामुळे उकळत नाही, आणि वाफ एकदम सोडली की तेच पाणी गॅस बंद असतानासुद्धा खळखळतं. खडकाचंही असंच. खोलवर वरच्या वजनाचा इतका दाब असतो की तो गरम असूनही वितळू शकत नाही, पण वर वर येताना दाब कमी होतो आणि शेवटच्या शंभर-दीडशे किलोमीटरमधे त्यातला थोडा भाग वितळायला लागतो. सगळा नाही, थोडाच. उष्णता वाढली म्हणून नाही तर दाब घटला म्हणून. मी सायन्सची पदवीधर आहे, मला हे कोणी कधी असं सांगितलं नव्हतं.

डोकं हजार-दोन हजार किलोमीटर रुंद पसरतं म्हणून सुरुवातीला प्रचंड लाव्हा येतो आणि मग शेपटीतून थोडा थोडा. आपल्याकडे हे झालं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. त्या वेळी भारत आज आहे तिथे नव्हता, विषुववृत्ताच्या खाली दक्षिणेत होता, साधारण आज रियुनियन आहे त्या पट्ट्यात, आणि वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या आसपास म्हणजे आजच्या तिप्पट वेगाने उत्तरेकडे पळत होता. शेपूट जागच्या जागी राहिली, आपण पुढे आलो. मागे तिने खुणा ठेवल्या, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस साधारण ८० लाख वर्षांचं आणि रियुनियनचे पाण्यावरचे जुने खडक साधारण २० लाखांचे. १९८७ साली समुद्रात बोअर मारून ह्या रांगेतले दगड काढले तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना वय कमी कमी होत गेलं. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेज ज्वालामुखी अजून इतका जागा आहे की बहुतेक वर्षी एकदा तरी पेटतो.

हे ऐकताना आई मधेच म्हणाली, मॉरिशसला आपले मराठी लोक आहेत ना. आहेत, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यात कामाला नेलेले, अजून गणपती बसवतात. कोकणातून जहाजाने इतक्या लांब गेलेली ती माणसं तिथेही त्याच आगीतून आलेल्या काळ्या दगडावर उतरली. आई संध्याकाळपर्यंत हेच बोलत होती.

मुलाने विचारलं, मग हे फक्त पृथ्वीवरच होतं का. सरांनी त्याला मंगळावरच्या ऑलिंपस मॉन्सचं सांगितलं, सुमारे २२ किलोमीटर उंच आणि ६०० किलोमीटर रुंद. मंगळाचं कवच आपल्यासारखं सरकत नाही, म्हणून खालून येणारं सगळं एकाच जागी साठत गेलं. इकडे हवाईमधे उलट, तिथे कवचाचा तुकडा म्हणजे प्लेट सरकते म्हणून बेटांची माळ होते. टुझो विल्सन नावाच्या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मधे हवाईच्या माळेवरून खाली एक स्थिर गरम जागा असणार असं मांडलं, आणि १९७१ मधे जेसन मॉर्गनने ती जागा म्हणजे खोलातून वर येणारा खडकाचा स्तंभ असं म्हटलं. सर हेही म्हणाले की काही शास्त्रज्ञांना ही कल्पना सगळीकडे लागू होते हे मान्य नाही, काही ज्वालामुखी कवच ताणलं गेल्यामुळे होतात असं ते मानतात. भूकंपाच्या लहरींनी पृथ्वीचा एक्सरे काढल्यासारखं करून आत बघतात, २०१२-१३ मधे तर रियुनियनच्या आजूबाजूला समुद्रतळावर यंत्रं ठेवून हे केलं, आणि ही शेपूट सरळ दोरा नसून खाली बरीच तिरकी-फाटे फुटलेली असावी असं त्यातून पुढे आलं. म्हणजे बरणीतलं चित्रसुद्धा सोपं करून दाखवलेलं आहे हे त्यांनी लपवलं नाही. मला अशी माणसं आवडतात.

पातालपानीला कड्याजवळ कोणालाही जाऊ दिलं नाही, दोरी लावून एक मुलगा उभा केला होता. २०११ साली अचानक पाणी वाढून तिथे माणसं वाहून गेली ते इंदूरचं कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे ह्या बाबतीत पूर्ण मार्क. लांबूनच थर मोजायला लावले, तीनशे फुटांच्या कड्यात थरांच्या रेघा स्पष्ट दिसतात, जिथे रेघ आहे तिथे एक लाव्हा थंड झाला आणि मग दुसरा आला.

जानापावला मी फार लिहीत नाही, वरून दृश्य सुंदर, चंबळचा उगम, गर्दी खूप. खरी गोष्ट उतरताना झाली. रस्ता कापलाय तिथे सरांनी बस थांबवली. काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मधे हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा. म्हणाले, एक लाव्हा येऊन गेला, थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडून माती तयार झाली, हजारो वर्षं शांत होतं, आणि मग दुसरा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला. हा लाल पट्टा म्हणजे मधल्या शांततेची खूण.

आई त्या पट्ट्याला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, हे आपल्या अंगणातून निघालं होतं.

१९९४ मधे बाबांनी राजेंद्रनगरच्या घरी बोअर मारली होती. मशीनमधून दिवसभर काळं पीठ उडत होतं आणि पाणी लागत नव्हतं, बाबा सारखे कपाळाचा घाम पुसत फुटांचा हिशोब करत होते कारण पैसे फुटावर होते. मग एकदम लाल चिखल यायला लागला, दोरीवर वाळत घातलेल्या आईच्या दोन साड्या लाल झाल्या, आणि त्यानंतर थोड्याच वेळात पाणी लागलं. बोअरवाला तेव्हा म्हणाला होता, लाल आया मतलब परत (म्हणजे थर) बदली. आईला ते वाक्य तीस वर्षं लक्षात होतं, अर्थ त्या दिवशी रस्त्यावर कळला. सरांनी समजावलं की आपल्याकडे अखंड काळ्या दगडात पाणी नसतंच, ते दोन थरांच्या सांध्यात, सच्छिद्र आणि कुजलेल्या भागात मिळतं, म्हणून शेजारच्या घरी १५० फुटांवर आणि आपल्याकडे २८० वर असं होतं. बाबा आता नाहीत. ते असते तर सरांना घरी जेवायलाच घेऊन आले असते.

दुसरा रविवार कावडियाचा. देवास जिल्ह्यात आहे, उदयनगर, पीपरीकडून पुढे, शेवटचा रस्ता खराब, ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी बसमधे मागे बसू नका. पण पोचल्यावर जे समोर येतं ते बघून बसमधली बडबड आपोआप थांबली. टेकडीवर दगडी खांबच खांब, कोणी करवतीने कापून रचून ठेवल्यासारखे, पाच बाजू, सहा बाजू, काही उभे काही आडवे. तिथले लोक म्हणतात भीमाने आणून ठेवले, आणि बघितल्यावर असं का म्हणत असतील ते कळतं. छोट्या दगडाने खांबावर मारलं तर घंटेसारखा ठण्ण आवाज येतो, मुलांना तर तिथून हलवता येईना.

सरांनी सांगितलं की जाड लाव्हा साचून सावकाश थंड होतो तेव्हा आकसतो, तळ्याचा चिखल वाळताना कसा तडकतो तसा, आणि ही तड थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून आत आत उतरत जाते म्हणून खांब होतात. मुंबईला अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे ती अशीच, पण तिला चारी बाजूंनी इमारतींनी घेरलंय. इथे मात्र जंगल आणि शांतता. काही खांबांवर लोकांनी नावं कोरलीत, रंगाने बदाम काढलेत, ते बघून फार वाईट वाटलं. टीमच्या मुलांनी कचऱ्याच्या दोन पोती भरून परत आणली, हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून केलं.

ह्या दिवशीचं जेवण फसलं. पुऱ्या सकाळी तळलेल्या, गार, चामट, बटाट्याची भाजी तीही गार. आणि सगळ्यात मोठी तक्रार, कावडियाला बायकांसाठी टॉयलेटची काहीच सोय नाही आणि हे आधी कोणी सांगितलं नाही. शेवटचं ठीकठाक टॉयलेट बरंच मागे राहतं. आईच्या वयाच्या तीन बायका होत्या, त्यांनी दिवसभर पाणीच प्यायलं नाही. मी फोन करून बोलले, पुढच्या वेळेपासून आधी मेसेजमधे कळवू आणि वाटेत एक थांबा ठरवू असं म्हणाले आहेत. करतील अशी आशा आहे, पण तुम्ही बुक करताना परत विचारून घ्या.

परतीच्या बसमधे डायनासोरचा विषय निघालाच. धार जिल्ह्यात बाघच्या आसपास लाव्हाखालच्या थरांत टायटनोसॉर ह्या लांब मानेच्या डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मधे प्रसिद्ध झालं, ते आपल्याकडे पेपरमधेही आलं होतं. त्यांना कोणी मारलं, मेक्सिकोत पडलेल्या अशनीने की आपल्या लाव्हाबरोबर निघालेल्या वायूंनी, ह्यावर मुलांनी दोन पार्ट्या करून भांडण केलं. सर म्हणाले अशनीचा पुरावा फार भक्कम आहे, लाव्हाच्या वायूंनी हवामान किती बिघडवलं होतं ह्यावर अजून काम चालू आहे. आणि कोणीतरी लोणारचं विचारलं, तेही ज्वालामुखीच ना. नाही, लोणार उल्केने पडलेला खड्डा आहे, पण पडला तो ह्याच काळ्या दगडात.

तर कोणी जावं? पाचवी-सहावीच्या पुढची मुलं नक्की, त्याच्या खालची कंटाळतात, आमच्या बसमधे दोन छोटी मुलं होती ती बरणीनंतर रडायला लागली. सत्तरीची माणसं पहिला रविवार आरामात करू शकतात, दुसऱ्याला काठी, चांगले बूट आणि स्वतःचा डबा न्या. सर मराठी-हिंदी मिसळून बोलतात, इंग्रजी शब्द कमी, आईला एकही गोष्ट परत विचारावी लागली नाही. फक्त पहिला रविवार ९५० मधे मिळतो का असं मी विचारलं होतं, देतात.

मार्क द्यायचे तर सर आणि ती ग्लुकोजची बरणी पाचपैकी पाच, जागांची निवड पाच, वेळ पाळणं दोन, जेवण पहिल्या दिवशी चार दुसऱ्या दिवशी दीड, पुस्तिका एक. नवीन पुस्तिका छापाल तेव्हा चित्रात ते डोकं आणि शेपूट दाखवा, आणि त्या लाल पट्ट्याचा फोटो टाका, माझ्याकडे आईचा हात ठेवलेला एक चांगला फोटो आहे, हवा असेल तर मी देते.

बाघची ट्रिप जानेवारीत काढणार आहेत म्हणे. आम्ही तीन सीट सांगून ठेवल्यात, पुढच्या रांगेतल्या.